कुताह्याची रंगवलेली भांडी: नक्षी कशी वाचावी आणि त्यात जेवावं का

पुण्याच्या एका ताईंनी इस्तंबूलच्या बाजारातून सहा वाडगे आणि एक मोठी थाळी आणली. पांढऱ्या जमिनीवर निळ्या-फिरोजी रंगात ट्युलिप, कार्नेशन, लांब दातेरी पानं, मधूनमधून लाल. विक्रेत्याने ‘हातकाम, कुताह्याचं’ असं सांगितलं; कुताह्या हे तुर्कस्तानातलं रंगीत भांड्यांचं शहर. ताईंनी फोटो पाठवून विचारलं आहे की हे खरंच हाताने रंगवलेलं आहे का, या नक्षीला काही धार्मिक अर्थ आहे का, आणि या वाडग्यांतून रोजची आमटी खाता येईल का. त्यांची बहीण लवकरच तिकडे जाते आहे. तिला आणखी आणायला सांगायचं का, हेही त्यांना ठरवायचं आहे.

आमटीचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं चुकली तरी कोणाच्या तब्येतीला धक्का लागत नाही. या वाडग्यांत आमटी वाढू नका. चिंचेचं सार, सोलकढी, ताक, लिंबू पिळलेली कोशिंबीर, लोणचं, टोमॅटोची भाजी यांतलंही काही नको. वाडगे खोटे किंवा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्या चकाकीमुळे तुम्ही ते हातात घेतलेत, ती चकाकी शिशाची असण्याची शक्यता मोठी आहे, आणि शिसं आंबटात सुटतं.

मी सिरॅमिकमध्ये काम करते आणि ग्लेझ हा माझा रोजचा विषय आहे, म्हणून हे जरा नीट सांगते. ग्लेझ म्हणजे भांड्यावर वितळवून चढवलेला काचेचा थर. नुसती वाळू वितळवायची तर भट्टी प्रचंड तापवावी लागते. म्हणून तिच्यात काहीतरी मिसळून तिचा वितळबिंदू खाली आणतात. शिसं हे काम फार सुरेख करतं. कमी आचेवर काच पातळ होते, बुडबुडे निघून जातात, थर एकसारखा पसरतो. शिवाय शिशाची काच प्रकाश जास्त वाकवते. त्यामुळे तिच्याखालचा कोबाल्टचा निळा नुसता रंग राहत नाही, त्याला खोली येते. तुर्कस्तानातल्याच इझनिक या गावच्या सोळाव्या शतकातल्या कारागिरांनी शिसं आणि सोडा एकत्र वापरून, त्यात थोडी कथील विरघळवून जे ग्लेझ साधलं, ते आजही पाहत राहावंसं वाटतं. त्या सौंदर्यात शिशाचा वाटा आहे, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागतो.

आपल्याकडची लोणच्याची बरणी वर्षभर मीठ, मोहरी आणि लिंबाचा रस सहन करते. ती सुमारे १२०० अंशांवर भाजलेल्या घट्ट स्टोनवेअरची असते आणि तिच्या ग्लेझला शिशाची गरज नसते. तुर्की रंगकामाची भांडी साधारण ९०० ते १००० अंशांत भाजली जातात. त्या तापमानाला चांगलं ग्लेझ शिशाशिवायही करता येतं, पण ते मुद्दाम करावं लागतं, कारागीर ते करतो की नाही हा त्याच्या कार्यशाळेचा प्रश्न असतो, आणि नुसतं बघून ते कळत नाही. मलाही कळत नाही. ‘नखाने वाजवून बघा’, ‘उन्हात धरून बघा’ असे उपाय कोणी सांगितले तर विसरून जा.

एक गोष्ट मात्र बघून कळते आणि ती महत्त्वाची आहे. हिरवा रंग अनेकदा तांब्याचा असतो, आणि तांबं शिशाच्या ग्लेझमध्ये शिरलं की ते ग्लेझ आंबटाला आणखी कच्चं पडतं, त्यातून शिसं जास्त सुटतं. क्षारयुक्त, म्हणजे सोड्यासारखे क्षार घालून केलेल्या ग्लेझमध्ये तेच तांबं फिरोजी दिसतं, शिशाच्या ग्लेझमध्ये ते पानासारख्या हिरव्याकडे झुकतं. म्हणून ज्या वाडग्याच्या आतल्या बाजूला गडद हिरवी पानं पसरली आहेत, त्याबद्दल मी सर्वांत आधी सावध होईन. झगझगीत तांबडा आणि नारिंगी असेल तर दुसरी शंका कॅडमियमची. आजच्या तयार लाल रंगांपैकी बरेच त्यावर बनतात.

युरोपात भांड्यांसाठी १९८४ च्या निर्देशापासून मर्यादा ठरलेल्या आहेत. भांड्यात ४ टक्के ॲसिटिक आम्ल भरून ते २२ अंशांवर २४ तास ठेवतात आणि त्यात किती धातू उतरला ते मोजतात. वाडग्यासारख्या भरता येणाऱ्या भांड्यातून लिटरमागे ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं आणि ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम उतरता कामा नये. पसरट थाळीला हीच मर्यादा चौरस डेसिमीटरमागे ०.८ आणि ०.०७ मिलिग्रॅम आहे. या मर्यादा आज सैल मानल्या जातात, कारण शिशाची अमुक इतकी मात्रा निर्धोक आहे असं वैद्यकशास्त्र आता म्हणत नाही. घरात लहान मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल तर ‘मर्यादेच्या आत’ या शब्दांवरही मी फार विसंबणार नाही. थेट शिसेविरहित ग्लेझचीच भांडी घेईन.

ऑनलाइन मिळणाऱ्या चाचणीच्या काड्यांचा उपयोग एकाच दिशेने होतो. काडी लाल झाली तर भांडं जेवणातून बाद. नाही झाली तर काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या काड्यांना भरपूर शिसं असेल तरच ते दिसतं. खरी खात्री हवी असेल तर अन्नसंपर्कातल्या भांड्यांची चाचणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक वाडगा द्या आणि शिसं-कॅडमियमची मायग्रेशन चाचणी, म्हणजे भांड्यातून किती धातू उतरतो याची चाचणी मागा. सहापैकी एक दिला तर पाचांबद्दल अंदाज येतो, पण एकाच भट्टीत, एकाच रंगसंगतीत बनलेले असतील तरच.

तोवर या वाडग्यांत काय ठेवायचं? बदाम-बेदाणे, चिवडा, कागदात गुंडाळलेल्या गोळ्या, सालीसकटची फळं. कोरडं, थंड आणि थोड्या वेळासाठी असलेलं. गरम आणि आंबट हे दोन्ही एकत्र आले की धोका सर्वांत जास्त, आणि आपलं जेवण नेमकं तसंच असतं.

आता हातकामाकडे येते, इथे मला जास्त आनंद आहे.

तुर्कस्तानात या कामाला ‘चिनी’ म्हणतात. युनेस्कोने २०१६ मध्ये या परंपरेची नोंद मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली, आणि २०१७ मध्ये कुताह्या शहर हस्तकलेच्या सर्जनशील शहरांत आलं. कामाची रीत अशी. नक्षी आधी पातळ कागदावर काढतात. तिच्या रेषांवरून सुईने बारीक भोकं पाडतात. कागद भाजलेल्या पांढऱ्या भांड्यावर ठेवून त्यावरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी फिरवली की भोकांतून ठिपके उतरतात. मग त्या ठिपक्यांच्या आधाराने काळ्या रंगात बाह्यरेषा ओढायची. या रेषेला ‘तहरीर’ म्हणतात आणि सगळी परीक्षा तिथे असते. परंपरेने तिच्यासाठी गाढवाच्या आयाळीच्या केसांचा लांब, बारीक कुंचला वापरतात. तो रंग बराच धरतो आणि एका दमात लांब रेषा सोडतो. पुढे रेषांच्या आत रंग भरायचे, ग्लेझमध्ये बुडवायचं, पुन्हा भाजायचं.

म्हणजे कोळशाच्या ठिपक्यांनी नक्षीची जागा ठरते, पण रेषेचा प्राण हातातून येतो. तुमच्या थाळीवरची एकच फांदी घ्या आणि मुळापासून टोकापर्यंत नजर फिरवा. हाताची रेषा वळणावर किंचित जाड होते, टोकाकडे निमुळती होत संपते. कुंचला उचलला गेल्याची जागा दिसते. दोन ‘सारखी’ फुलं शेजारी ठेवून पाहिली तर पाकळ्यांत केसभर फरक सापडतो. निळ्या रंगाच्या कडेला थोडी गर्द झाक असते, कारण ओला रंग कडेला साचतो.

छापील नक्षी साध्या भिंगाखाली उघडी पडते. रंग लहान-लहान ठिपक्यांचा बनलेला दिसतो, किंवा सगळ्या रेषा एकाच जाडीच्या असतात. वाडग्याच्या वळणावर कागदी छापाला चुण्या पडतात किंवा जोड दिसतो. पण बाजारात सर्वांत जास्त फसवणारा प्रकार यांच्या मधला आहे: बाह्यरेषा छापलेली आणि आतले रंग हाताने भरलेले. विक्रेता ‘हाताने रंगवलेलं’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. म्हणूनच मी रंगांकडे न बघता आधी रेषेकडे बघते. तुम्हीही तसंच करा. तळाशी ‘हातकाम’ असा शिक्का असेल तर त्याला फार किंमत देऊ नका.

आणि थाळी उलटी करा. इझनिकच्या जुन्या थाळ्यांच्या पाठीवरही फुलांचे छोटे गुच्छ झपझप रंगवलेले असतात. समोरच्या बाजूला शिस्त आणि पाठीवर मोकळा हात. आजचा चांगला कारागीर ही रीत पाळतो. पाठ पूर्ण कोरी असणं हा दोष नाही, पण रंगवलेली पाठ दिसली की कोणीतरी मन लावून काम केलं आहे हे कळतं.

लाल रंगावर बोट फिरवा. इझनिकचा प्रसिद्ध लाल हा लोहयुक्त मातीचा, जाड लावलेला असतो, आणि ग्लेझखालीही त्याचा उंचवटा बोटाला लागतो. १५५७ मध्ये पूर्ण झालेल्या इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीच्या फरशांवर तो ठळकपणे दिसतो, आणि पुढच्या शतकात त्याची धार हळूहळू जाते, तो तपकिरी होत जातो. हा रंग भट्टीत थोडा जरी चुकला तरी बिघडतो. तुमच्या वाडग्यांवरचा लाल उंच लागतो म्हणून ते जुन्या पद्धतीचे ठरत नाहीत, कारण ग्लेझवर चढवलेले जाड, चकचकीत ठिपकेही पर्यटकांच्या बाजारात खूप असतात. ते ग्लेझच्या वर उठून बसतात. मातीचा लाल ग्लेझच्या आत असतो.

भांड्याच्या शरीराबद्दल थोडं. जुनं इझनिक हे साध्या मातीचं नाही. त्यात बहुतांश भाग दळलेल्या क्वार्ट्झचा, जोडीला थोडी दळलेली काच आणि थोडी पांढरी माती. इराणमधल्या काशानच्या अबुल कासिमने १३०१ मध्ये अशा भांड्यांची कृती लिहून ठेवली आहे: दहा भाग क्वार्ट्झ, एक भाग काच, एक भाग माती. असं मिश्रण चाकावर वळत नाही म्हटलं तरी चालेल, वाळताना तडकतं, भट्टीत कोसळतं. पण ते पांढरंशुभ्र असतं आणि क्षारयुक्त ग्लेझबरोबर एकसारखं आकुंचन पावतं. तेच ग्लेझ साध्या मातीवर चढवलं तर थंड होताना त्याला केसासारख्या भेगा पडतात. आपल्या जयपूरची ब्लू पॉटरी याच घराण्यातली. क्वार्ट्झ, काच, मुलतानी माती आणि डिंक. म्हणून त्या भांड्यांबद्दलही मी जेवणाच्या बाबतीत हीच खबरदारी सांगते. कुताह्यात आज रोजच्या विक्रीसाठी वापरतात ते मिश्रण बहुतेक वेळा मातीकडे झुकलेलं, साचात घालायला सोपं असतं. क्वार्ट्झचं अस्सल काम महाग असतं, आणि ते योग्यच आहे: बिघडलेल्या नगांची किंमतही टिकलेल्या नगांतूनच भरून निघावी लागते.

आता नक्षीचा अर्थ. तुमच्या वाडग्यांवर कुराणातलं वचन नाही, त्यामुळे धार्मिक अडचण अशी काही नाही. इझनिकच्या थाळ्यांवर अक्षरं फार क्वचित येतात. अक्षरांची जागा मशिदीतल्या पट्ट्यांवर आणि टांगत्या दिव्यांवर. थाळीवर बाग फुलते. कधी शिडाची जहाजं, पक्षी, ससे, हरणंही येतात, त्यामुळे ‘इस्लामी कलेत प्राणी चालत नाहीत’ हा समज भांड्यांना तरी लागू होत नाही. पवित्र वचन असलेली थाळी कधी मिळालीच तर ती भिंतीवर लावायची, तिच्यात वाढायचं नाही. एवढा आदर पुरेसा आहे.

या बागेच्या आधी चीन आहे. ऑटोमन सुलतानांच्या इस्तंबूलमधल्या तोपकापी राजवाड्यात चिनी पोर्सेलिनचे दहा हजारांहून जास्त नग आहेत. इझनिकच्या कारागिरांसमोर हा आदर्श होता. मिंग काळातल्या थाळीवरचे द्राक्षांचे घोस त्यांनी जवळजवळ तसेच उचलले. थाळीच्या काठावर लाटा आणि खडक यांची जी वेटोळी नक्षी दिसते, तीही तिकडचीच, इथे वळत-वळत ओळखू येऊ नये इतकी बदललेली. तुमच्या थाळीचा काठ मला फोटोत तसाच वाटतो.

लांब, वाकलेली, दातेरी पानं म्हणजे ‘साझ’ शैली. ती सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुलतानाच्या चित्रशाळेत रुजली, आणि तिच्याशी इराणमधल्या तबरीझहून आलेल्या शाहकुलू या चित्रकाराचं नाव जोडलं जातं. त्या पानांबरोबर येणारी कमळासारखी, थरांची कल्पित फुलं म्हणजे ‘हाताई’. खरी, ओळखू येणारी फुलं नंतर आली. शाहकुलूचा शिष्य कारा मेमी चित्रशाळेचा प्रमुख झाला आणि शतकाच्या मध्यापासून ट्युलिप, कार्नेशन, हायसिंथ, गुलाब हस्तलिखितांतून कापडावर, कापडावरून भांड्यांवर पसरत गेले. एकाच मुळातून सगळी फुलं उगवतात, वाऱ्याने एका बाजूला झुकतात. एखादा देठ मोडून परत खाली वळतो. तो मोडलेला देठ मला या सगळ्या कलेत सर्वांत आवडतो. गोल थाळीत सरळ उभी फुलं मावत नाहीत, म्हणून कारागिराने देठच वाकवला, आणि त्या वाकण्याने सगळी रचना जिवंत झाली.

ट्युलिपला खरंच एक धार्मिक छटा आहे. अरबी लिपीत ‘लाले’ (ट्युलिपचं तुर्की नाव) आणि ‘अल्लाह’ या दोन्हींत तीच अक्षरं येतात, आणि अक्षरांची अंकमूल्यं मिळवली की दोन्हींची बेरीज ६६ होते. सुफी परंपरेत याला महत्त्व होतं. पण प्रत्येक वाडग्यावरचं प्रत्येक ट्युलिप हे गुपित सांगत असतं असं विक्रेते रंगवून सांगतात, तेवढं खरं नाही. लोकांना ते फूल आवडत होतं, ते बागेत लावत होते, पागोट्यात खोवत होते.

तीन गोळे आणि त्यांच्याबरोबर दोन नागमोडी पट्टे अशी नक्षी दिसली तर ती चिंतामणी. बौद्ध कलेतल्या रत्नाशी तिचं नातं जोडतात. ऑटोमन दरबारात मात्र ती बिबट्याचे ठिपके आणि वाघाचे पट्टे म्हणून शौर्याची खूण मानली गेली, सुलतानाच्या अंगरख्यांवर आली. मराठी घरात हे नाव अष्टविनायकातल्या थेऊरमुळे रोजचं आहे, आणि तेच नाव तुर्की थाळीवर भेटतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. बहीण एकच वस्तू आणणार असेल तर ही नक्षी शोधायला सांगा.

ही भांडी मुळात जेवायचीच होती का, असंही तुम्हाला वाटेल. होती. १५८२ मध्ये शहजादा मेहमेदच्या सुंतेचा जो थोर सोहळा झाला, त्याच्या मेजवान्यांसाठी बाजारातून इझनिकची शेकडो भांडी विकत घेतली गेली. पुढे इझनिकचं काम ओसरलं. दरबार फरशांना बांधलेला भाव द्यायचा, महागाई वाढत गेली, आणि कारागीर बाहेरच्या गिऱ्हाइकांकडे वळले. अठराव्या शतकात कुताह्याच्या आर्मेनियन कुंभारांनी कॉफीचे नाजूक पेले, बशा, सुरया यांनी ही परंपरा सांभाळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या संहारात आणि युद्धांत आर्मेनियन समाज तिथून उखडला गेला. त्यांतला कारागीर डेव्हिड ओहानेसियन १९१९ मध्ये जेरुसलेमला पोचला आणि त्याने तिथे कार्यशाळा उभी केली; जेरुसलेमची आर्मेनियन भांडी म्हणून आज जी ओळखली जातात, त्यांची मुळं कुताह्यात आहेत. जुन्या काळातले लोक शिशाचं ग्लेझ वापरून त्यातच जेवत होते, कारण त्याचं विष हळू चढतं आणि त्याचं मोजमाप तेव्हा नव्हतं.

बहिणीने काय आणावं? जगातले बोरॉनचे सर्वांत मोठे साठे तुर्कस्तानात आहेत, त्यांतली एमेतची खाण तर कुताह्या प्रांतातच. बोरॉन शिशाची जागा घेऊ शकतं आणि आज शिसेविरहित ग्लेझ वापरणाऱ्या कार्यशाळा तिथे आहेत. दुकानात ‘यात जेवता येतं का?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ येतं. त्याऐवजी ‘ग्लेझ शिसेविरहित आहे का, आणि चाचणीचा अहवाल आहे का?’ असं विचारायला सांगा. अहवालावर कार्यशाळेचं नाव, भांड्याचा प्रकार आणि शिसं-कॅडमियमचे आकडे असले पाहिजेत. युरोपात निर्यात करणाऱ्यांकडे हा कागद असतो. नसेल, पण रेषा सुंदर असेल, तर एक मोठी थाळी भिंतीसाठी घ्यावी. वाडग्यांचा संच घेऊ नये, कारण घरात वाडगे असले की कधी ना कधी कोणीतरी त्यात आमटी वाढतंच.

थाळी लावायला ताणाच्या स्प्रिंगची तारेची पकड नको. तिच्या आकड्यांनी काठाचे टवके उडतात. पाठीला चिकटणारा हूक किंवा लाकडी स्टँड बरा. धुताना मऊ कापड आणि साधा साबण, तारेची घासणी नाही, भांड्यांची पावडर नाही. पाण्यात भिजत ठेवू नका: तळाच्या कड्याला ग्लेझ नसतं, तिथून पाणी आत मुरतं. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात घालू नका. आणि वाडग्याच्या आत कुठे केसासारख्या भेगा दिसल्या, तर त्यांत हळद शिरून पिवळी जाळी उमटते आणि ती निघत नाही. अशा वाडग्यात प्रयोगशाळेचा अहवाल चांगला आला तरी ओला पदार्थ ठेवू नका.